फळीवरून उतरताना

मी बोलतेय ती सलूनातली फळी. पाट नव्हे, स्टूल नव्हे, नुसती फळी. लहान मूल केस कापायला आलं की मला खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकतात आणि पोराला वर बसवतात. म्हणजे कारागिराला वाकावं लागत नाही आणि पोराला आरशात स्वतःचं तोंड दिसतं. तुम्ही माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखता. माझी ओळख खालून सुरू होते. कोण चुळबुळ करणार, कोण दगडासारखा बसणार आणि कोण भीतीनं मला ओली करणार, हे मला तो टेकताक्षणी कळतं.

जन्मानं मी एका कपाटाचं दार. कपाट मोडलं, पण सलूनाच्या पहिल्या मालकांनी मला भंगारात जाऊ दिलं नाही. करवतीनं कापलं, कडा घासल्या, खुर्चीवरून घसरू नये म्हणून खालून दोन खाचा पाडल्या आणि वरून रेक्झिन ठोकलं. किल्लीचं भोक मात्र एका टोकाला तसंच राहिलं. घाबरलेली पोरं त्यात बोट घालून बसतात.

पहिले मालक गेले आणि त्यांचा मुलगा खुर्चीमागं उभा राहिला. हात हलका, बोलणं त्याहून हलकं. लोकांनी दहा गोष्टी सांगाव्यात आणि यानं एकदा हुंकार द्यावा. अशा माणसानं लग्न कुठं करावं? जिथं जन्मापासून मरेपर्यंत केसाला कातर लावत नाहीत, त्या घरात! हे कसं जुळलं ते मला विचारू नका. मी दुकानातली फळी, घरातली नव्हे.

बायकोच्या माहेरची श्रद्धा अशी की केस हा देणाऱ्याचा, देवाचा आहे, आपला नाही. मुलगा मोठा झाला की स्वतःच्या हातानं केसांचा बुचडा बांधायचा आणि सभेत वडीलधाऱ्यांमध्ये बसायचं. आमच्या मालकांच्या घरी उलटं. मुलगा मोठा झाला की त्याचं डोकं साफ उतरवायचं आणि प्रार्थनाघरात पुरुषांच्या रांगेत उभं करायचं. एका घरात केस उतरवल्याशिवाय माणूस होत नाही, दुसऱ्या घरात केस उतरवला की माणूस राहत नाही. आणि या दोन घरांच्या मध्ये जन्माला आला एक मुलगा.

भांडण नको म्हणून नवरा-बायकोनं एक तोड काढली. पोर फळीवरून उतरेपर्यंत त्याच्या केसाला कुणी कातर लावायची नाही आणि कुणी त्याचा बुचडाही बांधायचा नाही. माझ्याशिवाय खुर्चीत बसून आरशाच्या खालच्या पट्टीवर हनुवटी दिसायला लागली की तो मोठा झाला. मग त्याचं त्यानं ठरवावं. ऐकायला किती शहाणपणाचं! माझ्यावर पोरं बसायची ती घटकाभर. या दोघांनी माझ्यावर अख्खं घर आणून बसवलं.

दर आठवड्याला दुकान उघडण्याआधी बाप त्या मुलाला माझ्यावर बसवायचा, केसांना तेल लावायचा आणि विंचरायचा. सगळ्या गल्लीची डोकी नीटनेटकी करणारा हा माणूस स्वतःच्या मुलाचा एक केस कापायचा नाही. गिऱ्हाईकं हसायची. म्हणायची, दिव्याखाली अंधार.

बापाची आई, म्हणजे मुलाची आजी, काही ना काही निमित्त काढून यायची आणि आरशाकडे बघायची. "आली का रे हनुवटी?" तिनं मुलाला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "डोकं उतरवलं नाहीस तर रांगेत जागा नाही. उद्या मी गेले तर खांदासुद्धा देता यायचा नाही तुला." आईचे वडील दुकानात पाऊल टाकत नसत; समोरच्या फुटपाथवरूनच नातवाला हाक मारायचे. त्यांचंही म्हणणं स्पष्ट होतं. "कातर लागलेल्या हातचं पाणी मी घेणार नाही. मग तो नातू का असेना." दोघांचाही पोरावर जीव होता, हेच तर अवघड होतं. कुणी एक जरी दुष्ट असतं तरी काम सोपं झालं असतं. अशी बोलणी चालली की मुलाचं बोट माझ्या भोकात जायचं.

वर्षं गेली. पोराचा भार वाढला, पाय लांब झाले, मिसरूड फुटायला आलं, पण हनुवटी काही पट्टीवर येईना. एकदा बुटके मास्तर दाढीला बसले आणि चिडले. "अरे, खुर्ची खाली गेलीय का तुझी? मलाच मी दिसेनासा झालोय!"

मुलगा बाकावर वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं मान वर केली. मास्तर गेल्यावर तो उठला, खुर्चीचा दांडा ओढून ती पूर्ण वर घेतली, मला भिंतीशीच टेकलेली राहू दिलं आणि खुर्चीत बसला. हनुवटी काय, आरशात गळासुद्धा दिसत होता.

"बाबा, तुम्ही खुर्ची खाली करत होता?"

बापानं वस्तरा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. "हो."

"का?"

"तू उतरलास की मला एकीला तोंड दाखवता येणार नाही. माझ्या आईला, नाहीतर तुझ्या आईला."

"म्हणजे तुमचं ठरत नाही म्हणून माझ्या डोक्यावर टाकलंत."

आई डबा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "खरं आहे त्याचं," ती हळूच म्हणाली. डबा तिच्या हातातच राहिला.

मुलानं आरशातूनच दोघांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला कातर धरायला शिकवा. माझ्या डोक्याचं मी नंतर बघीन."

"आणि केस?" बापानं विचारलं.

"राहू देत की. दुसऱ्यांची डोकी हातात घेतल्याशिवाय मला माझं कळायचं नाही."

तो कारागीर झाला. स्वतःच्या डोक्यावर न कापलेल्या केसांचा बुचडा आणि हातात कातर! आजी म्हणाली, "हे ना धड घरचं, ना धड घाटावरचं." प्रार्थनाघरात त्याला बाहेरच्या पायरीवर उभं केलं. सभेत त्याला सगळ्यांच्या मागं, दाराशी, चपला ठेवतात तिथं बसवलं. आजोबांनी खरंच त्याच्या हातचं पाणी सोडलं. दोन्हीकडे त्याला दाराशीच जागा, आणि हा पठ्ठ्या दोन्हीकडे नेमानं जायचा. मला त्याची दया यायची आणि अभिमानही वाटायचा. लहान मूल रडायला लागलं की तो त्याला माझं भोक दाखवायचा. "बोट घाल इथं. मीही घालायचो."

मग आजोबा घरात पडले. अंथरुणाला खिळले, हात थरथरायला लागले. स्वतः बुचडा सोडता येईना आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. केसांचा नुसता गोळा झाला आणि त्याखाली डोक्याला जखम. डॉक्टर म्हणाले, सगळे केस काढा, नाहीतर जखम पसरेल. आजोबा म्हणाले, "मग मला असाच जाऊ द्या."

"केस मी सोडवतो," नातू म्हणाला. "गाठ सोडवायला कातर लागत नाही, वेळ लागतो. पण दुकानात आणावं लागेल त्यांना. मागं रेलायची खुर्ची आणि गरम पाणी तिथं आहे."

"तुझे हात कातरीचे," म्हातारा म्हणाला.

"बाबा, हात त्याचे आहेत," आई म्हणाली. "कातर दुकानाची आहे." हे सगळं मला नंतर तिनंच नवऱ्याला सांगितलं तेव्हा कळलं.

शेवटी आजोबांनी एक अट घातली. ते आत असेपर्यंत दुकानात एकही पातं असता कामा नये. आमच्या मालकांनी कातऱ्या, वस्तरे, मशीन, सगळं एका टॉवेलात बांधलं आणि ते गाठोडं छातीशी धरून ते फुटपाथवर जाऊन उभे राहिले. बुटके मास्तर आले. "काय रे, दुकान विकायला काढलंस?"

"आत सासरे बसलेत," मालक म्हणाले. जन्मात गिऱ्हाइकाला त्यांनी इतकं मोठं उत्तर क्वचितच दिलं असेल.

म्हातारा खुर्चीत बसला तो केवढासा! पाय खाली टेकेनात. मुलानं इकडंतिकडं पाहिलं आणि मला उचलून खुर्चीच्या पाय टेकायच्या पायटीवर ठेवलं. ज्याच्या बोलण्यानं ते पोर माझ्या भोकात बोट घालायचं, त्याचे थंड, सुजलेले पाय आता माझ्यावर होते. थोड्या वेळानं त्यांचा अंगठा किल्लीच्या भोकाशी चाळा करायला लागला.

मुलानं कोमट पाण्यानं केस भिजवले, तेल जिरवलं आणि टोकाकडून एकेक बट सोडवायला घेतली. ओढ डोक्याला लागू नये म्हणून केस मुळाशी चिमटीत धरायचा. दुपार कलली. आजी आली ती तणतणत. "सासऱ्यापायी माझ्या लेकानं आमच्या घरची हत्यारं रस्त्यावर काढली!" पण आत येऊन तिनं नातवाचे हात पाहिले आणि ती बाकावर बसली. "ह्यांचा हात अस्साच होता," ती पहिल्या मालकांबद्दल म्हणाली. "डोक्याला कळायचासुद्धा नाही." मग उठून तिनं तेलाची वाटी धरली.

सगळं सुटलं. एक गाठ राहिली, कानामागं, अगदी जखमेवर. मुलगा तिच्याशी फार वेळ झगडला. मग पुढं आला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला.

"आजोबा, एक गाठ सुटत नाही. खाली पू आहे. कापावी लागेल. तेवढीच."

"न सांगता कापली असतीस तर मला कळलं नसतं."

"मला कळलं असतं."

अंगठा थांबला. "मग तूच ठरव."

"नाही, आजोबा. डोकं तुमचं आहे. माझ्या डोक्याचं सगळ्यांनी ठरवावं याचा मला इतका त्रास झाला. तुमचं मी कसं ठरवू?"

अंगठा पुन्हा भोकाशी फिरायला लागला. मग म्हातारा म्हणाला, "जावईबापूंना आत बोलाव."

मालक गाठोडं घेऊन उंबऱ्यापाशी थबकले. मुलानं त्यातली सगळ्यांत लहान कातर घेतली. एकदाच आवाज झाला. कापलेली गाठ त्यानं आजोबांच्या तळहातावर ठेवली आणि जखम धुतली.

आजोबा ती गाठ मुठीत धरून रडले. "आता मलाही मागं बसवतील. दाराशी, चपलांपाशी."

"मी तिथंच असतो, आजोबा," मुलगा म्हणाला. "तुमची जागा धरून ठेवतो."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. "पाणी दे," ते म्हणाले. मुलानं पेला भरला, त्यांच्या ओठांना लावला, आणि ते सगळं प्यायले.

पुढं सभेत दोघं दाराशी शेजारी शेजारी बसायचे म्हणे, आजोबा होते तोवर. आजी आता खांद्याचा विषय काढत नाही. प्रार्थनाघराच्या पायरीवर मात्र तो अजून उभाच असतो; सगळ्याच गाठी सुटत नाहीत. त्याच्या बुचड्यात पहिला पांढरा केस दिसायला लागलाय.

माझं म्हणाल तर रेक्झिन फाटलंय आणि एक खाच चिरलीय. पोरांसाठी मोटारीच्या आकाराची नवी खुर्ची आलीय, तिला हॉर्नसुद्धा आहे. मी दाराआड उभी असते. थकलेले जुने मालक उन्हाला बसले की मुलगा मला त्यांच्या पायाखाली सरकवतो. मला तेवढं पुरे.

तुमच्याकडे एवढंच मागणं. पोर फळीवर बसलंय तोवर त्याला धरून ठेवा, पडू देऊ नका. पण ते उतरायला लागलं तर गुपचूप खुर्ची खाली करू नका. त्याला आरशात दिसू द्या, हनुवटी, गळा, जे काही आलं असेल ते.