चौदावा कॅफे

सोलमधल्या हुआमदोंगच्या चढावर ज्या गल्लीत मा सुनिम एक्केचाळीस वर्षं राहत होती, तिथे त्या वसंतात एक नवा कॅफे उघडला. पूर्वी तिथे शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं दुकान होतं. नव्या मालकाने त्याची काळवंडलेली भिंत घासूनपुसून तशीच ठेवली आणि दार तेवढं पांढरं केलं. आठवड्याभरात त्या दारासमोर पोरापोरींची रांग लागू लागली. दुकानाला पाटी नव्हती. गल्लीतले लोक त्याला पांढरं दार म्हणायला लागले.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सुनिमने आपल्या मैत्रिणीला, पिलन्योला, तिथे नेलं. पिलन्योला त्या दिवशी सत्तर वर्षं पूर्ण झाली होती. सुनिम तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. सकाळी सुनेच्या हातचं वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप पिऊन पिलन्यो निघाली होती, ओठांना लालीही लावली होती. दोघी दारात पोचल्या तेव्हा आतून काळा एप्रन बांधलेला एक तरुण आला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि काचेवरच्या कागदाकडे हात दाखवला. कागदावर लिहिलं होतं: 'साठ वर्षांवरील व्यक्तींना आत बसता येणार नाही. समजून घ्यावे ही विनंती.'

कॉफी बाहेर न्यायला हवी असेल तर करून देतो, असं तो म्हणाला. बोलण्यात कुठे उद्धटपणा नव्हता, आणि सुनिमला राग त्याचाच आला. तो तोंड टाकून बोलला असता तर तिला दामदुप्पट परत करता आलं असतं.

"कारण काय?" तिने विचारलं.

"मालकांचा नियम आहे, आजी. जागा लहान आहे."

"आणि मी काय रुंद आहे?"

पिलन्योने तिची बाही ओढली. "चल ना ताई. बागेतल्या मशीनची कॉफी घेऊ. तिथे ऊनही छान असतं." आत खिडकीशी बसलेल्या दोन मुलींनी माना खाली घातल्या. सुनिमने पिलन्योकडे पाहिलं. तिने हातरुमाल काढून ओठांवरची लाली पुसायला घेतली होती. जणू ती लालीच नियमात बसत नव्हती.

सुनिम आयुष्यभर भांडखोर म्हणून ओळखली गेली असं नव्हे. नवऱ्याशी ती मोजून तीनदा भांडली होती. पण विशीत ती सोलच्या शहर बसमध्ये कंडक्टर होती. पहाटेपासून दारात उभं राहायचं, माणसं आत कोंबायची, बसच्या पत्र्यावर थाप मारून गाडी सोडायची. डेपोत परतल्यावर मुलींनी पैसे लपवले नाहीत ना हे बघायला त्यांची झडती घ्यायचे, कपडे काढायला लावून. एका हिवाळ्यात तिने कोटाची गुंडी सोडायला नकार दिला. आठ दिवस तिला घरी बसवलं. नवव्या दिवशी थंड नजर घेऊन ती परत डेपोत उभी राहिली, आणि तिच्यामागे आणखी सहा मुली, गुंड्या गळ्यापर्यंत लावून. पुढे काय झालं ते ती कुणाला फारसं सांगत नसे. त्या नजरेची मात्र तिच्या मुलीला धास्ती होती.

संध्याकाळी मुलीचा सुवॉनहून फोन आला, तेव्हा सुनिमने सगळं सांगितलं. मुलीला वाईट वाटलं, पण ती थकलेली होती. आई, कुठे त्या पोरांच्या नादी लागतेस, असं म्हणाली; शहरात पावलापावलावर कॅफे आहेत, दुसरीकडे जा.

"जाते," सुनिम म्हणाली. "सगळ्यांकडे जाते."

मुलीला वाटलं, आई चिडून बोलतेय. आई ठरवून बोलत होती.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोघी निघू लागल्या. पासष्टीनंतर मेट्रो फुकट, आणि शहर सुनिमला थांब्यांच्या क्रमाने तोंडपाठ. पूल वाढले, इमारती उंच झाल्या, तरी चढ जिथे होते तिथेच होते. तिने शाळकरी वही घेतली आणि ठळक अक्षरात पहिल्या पानावर लिहिलं: 'सोलमधले जावेत असे कॅफे.' पिलन्योने विचारलं, आपल्यासारख्यांनी जावेत असे का? सुनिमने पेन खाली ठेवलं. "आपल्यासारखे म्हणजे कोण? जीभ आहे ते सगळे."

मुनलेत लोखंडाच्या कारखान्यांच्या गल्लीत, दोन लेथ मशीनच्या मधोमध एक कॅफे होता. शेजारी ठिणग्या उडत होत्या, आणि कॉफी आणून देणाऱ्याने अदबीने विचारलं, आज आवाज जरा जास्त आहे, चालेल ना? कॉफीला भाजलेल्या शेंगदाण्याचा वास होता. तो कॅफे वहीत गेला. उल्जिरोत छापखान्यांच्या वर, चौथ्या मजल्यावर, एका कॅफेची फार चर्चा होती. जिन्याला कठडा नव्हता. तिसऱ्या मजल्यावर पिलन्यो पायरीवर बसली आणि म्हणाली, ताई, मला इथेच पुरा. सुनिम एकटी वर गेली, पाणचट कॉफी पिऊन खाली आली आणि ते पान फाडलं. यॉन्हीदोंगच्या कॅफेत टचस्क्रीनवर ऑर्डर द्यायची होती. मागे सहा माणसं खोळंबलेली, आणि पडदा दर वेळी पहिल्या पानावर जायचा. सुनिमने गल्ल्यावरच्या मुलीला मोठ्याने विचारलं की हे यंत्र कॉफी पितंही का. मुलगी हसत धावून आली, तोंडी ऑर्डर घेतली, दोघींना टेबलापर्यंत सोडून गेली. पण कॉफी करपलेली होती. वहीत शेरा पडला, 'पोरगी सोन्यासारखी. कॉफी नाही.' आणि नाव गाळलं.

दोघींचं खरं वाजलं ते दोंगम्योच्या जुन्या तळघरातल्या कॅफेवरून. तिथली मालकीण ऐंशीच्या पुढची, केसांना कलप, अंड्याचा बलक घातलेला चहा अजून स्वतःच्या हाताने करून देणारी. तिने दोघींचे हात हातात घेऊन विचारपूस केली. पिलन्योचे डोळे भरून आले. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, हे नाव पहिल्या नंबरवर घाल. सुनिम म्हणाली, कॉफी गढूळ होती, नाव येणार नाही.

"अगं, म्हातारी बाई आहे. एवढं तर करशील?"

"म्हातारी आहे म्हणून मार्क वाढवायचे? मग तो कागद लावणारा आणि मी, आमच्यात फरक काय उरला? दोघं वयच बघतोय."

पिलन्यो दोन आठवडे आली नाही. तिसऱ्या मंगळवारी मेट्रोच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

ऑगस्ट संपेपर्यंत दोघींनी अठ्ठावन्न कॅफे पालथे घातले होते. वहीत तेरा उरले. यांग नावाची चाळिशीची बाई वस्तीचं मासिक काढत असे. चार पानांचं, किराणा दुकानांत आणि केशकर्तनालयात ठेवलेलं असायचं. तिला वहीबद्दल पिलन्योकडूनच कळलं. ती सुनिमच्या घरी आली, वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, काकू, हे मी छापते. मथळाही तिच्या डोक्यात तयार होता: 'ज्येष्ठांना आपुलकीने वागवणारे कॅफे.'

सुनिमने वही तिच्या हातातून हळूच काढून घेतली. मग छापू नका, म्हणाली. यांगबाईला कळेना. असा मथळा लोकांच्या मनाला भिडतो, हे तिने परोपरीने सांगितलं. सुनिमने ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं की अठ्ठावन्न ठिकाणी ती दया मागायला गेली नव्हती, कॉफी तपासायला गेली होती. यादीत ज्येष्ठ हा शब्द एकदाही येणार असेल तर चहा पिऊन यांगबाईंनी निघावं. यांगबाई चहा पिऊन निघाली. दुसऱ्या दिवशी तिने फोन करून सांगितलं की मथळा वहीतलाच राहील, आणि वीस तारखेपर्यंत मजकूर हवा.

वीस तारखेला तीन दिवस राहिले असताना सुनिमला एक गोष्ट खुपायला लागली. सगळं शहर पालथं घातलं, पण घरापासून साठ पावलांवरच्या कॉफीची चव आपल्याला माहीत नाही. मग ही यादी पुरी कशी? पिलन्योला सांगितलं तर ती म्हणाली, लाज नाही का वाटत, त्याच्या दारात पुन्हा जायला? सुनिम एकटीच गेली. कागद जागच्या जागी होता. तिने खिडकीतून एक साधी गरम कॉफी मागितली. तोच तरुण होता. त्याने तिला ओळखलं आणि त्याचे कान लाल झाले. कागदी पेला घेऊन ती समोरच्या दगडी पायऱ्यांवर उभी राहिली आणि पहिला घोट घेतला.

तसा घोट तिने अठ्ठावन्न कॅफेंत घेतला नव्हता. आधी पिकलेल्या जर्दाळूसारखं आंबटगोड काहीतरी जिभेवर आलं, मग खोल, स्वच्छ कडवटपणा, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ तोंडात ऊब राहिली. सुनिम पायऱ्यांवर उभ्या उभ्या संतापली. मेल्याने वाईट तरी करायची. पेला रिकामा होईपर्यंत ती स्वतःशी पुटपुटत होती, आणि त्यात एक थेंबही तिने ठेवला नाही.

रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. सकाळी तिने वही उघडली आणि चौदावं नाव लिहिलं: 'पांढरं दार, हुआमदोंग. या यादीतली सर्वांत उत्तम कॉफी. मी ती रस्त्यात उभी राहून प्यायले, कारण माझं वय बहात्तर आहे आणि साठीवरच्यांना आत बसू देत नाहीत.' पुढे एक शब्दही जोडला नाही. पिलन्योने वाचलं आणि म्हणाली, एवढंच? दोन शिव्या तरी घाल. सुनिम म्हणाली, जे झालं ते लिहिलंय.

मासिक निघालं. चार दिवसांत कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून पसरवला, आणि शनिवारी त्या गल्लीत नेहमीपेक्षा मोठी गर्दी दिसली. काहीजण रांगेत उभे राहिले. काहीजण दारापर्यंत आले, कागद वाचला, एकमेकांकडे बघितलं आणि उताराला लागले. एका मुलीने आपली कॉफी बाहेर आणली आणि पायऱ्यांवर उभी राहून प्यायली. दुपारपर्यंत पायऱ्यांवर उभं राहून पिणारे दहाबाराजण झाले. आतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

सोमवारी मालक स्वतः सुनिमच्या दारात आला. कु थेगॉन नाव त्याचं, वय अडतीस-चाळीस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सोबत द्राक्षांची पेटी आणली होती. सुनिमने त्याला आत बोलावलं, बसायला उशी दिली, पण पेटी दाराबाहेरच राहू दिली. त्याने सगळं सांगितलं. दुकान उघडलं त्या पहिल्या महिन्यात डोंगर चढून आलेल्या चार-पाच म्हाताऱ्यांचं टोळकं एकेक कप घेऊन दुपारभर बसायचं, मोठमोठ्याने बोलायचं. कामावरच्या मुलीला ते नको ते बोलले, ती रडत काम सोडून गेली. त्यानंतर कागद लागला.

सुनिमला ते खोटं वाटलं नाही. असे म्हातारे तिने बसमध्ये ढीगभर पाहिले होते, आणि तेव्हा ते म्हातारे नव्हते, पंचवीस-तिशीचे होते.

"मग त्यांना हाकलायचं," ती म्हणाली. "नाव घेऊन, तोंडावर. ते तुम्हाला जमलं नाही, म्हणून तुम्ही माझ्या मैत्रिणीला तिच्या वाढदिवसाला दारातून परत पाठवलंत."

तो म्हणाला, काकू, तुम्ही केव्हाही या, तुमच्यासाठी खिडकीची जागा राखून ठेवतो. मासिकात यादी पुन्हा छापतील तेव्हा तेवढं एक वाक्य काढायला सांगा. सुनिमने त्याला विचारलं, खिडकीत बसवून मला दाखवणार कुणाला? एकटीसाठी दार उघडणार असेल तर ते बंदच बरं. उठताना त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला. द्राक्षांची पेटी त्याच्यासोबत परत गेली.

तीन आठवडे काहीच घडलं नाही. पिलन्योला वाटलं, झालं, संपलं. मग ऑक्टोबरच्या अखेरीला एका सकाळी काचेवर नवा कागद दिसला: 'जागा लहान असल्याने कुणीही दोन तासांपेक्षा जास्त बसू नये. कामावरच्या माणसांशी उद्धटपणे बोलणाऱ्यास बाहेर काढण्यात येईल.' सुनिमने चष्मा सरसावून ते दोनदा वाचलं. 'कुणीही' या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाली, हे चालेल. मी तरुण असते तरी हेच लिहिलं असतं.

यांगबाईने विचारलं, यादी पुन्हा छापतेय, आता जुनं वाक्य काढायचं ना? सुनिमने नकार दिला. घडलेलं खोडता येत नाही. पुढच्या अंकात त्याच्याखाली नवं वाक्य येईल, तारखेसकट. थेगॉनला ते कळलं तेव्हा तो मान हलवून एवढंच म्हणाला की तुमच्याशी कोण वाद घालणार.

मंगळवारी दोघी आत जाऊन बसल्या. पिलन्योने सूनबाईचा नवा कोट घातला होता आणि लाली एप्रिलपेक्षा गडद होती. खुर्च्या ठेंगण्या होत्या. सुनिमने वही काढली, तसं तिच्या लक्षात आलं की आजूबाजूची पोरं बघतायत, आणि तिने त्यांच्याकडे सरळ बघून मान डोलावली. कॉफी आली. पिलन्योने पहिला घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"कडूजहर आहे," ती म्हणाली. "यासाठी तू सहा महिने भांडलीस?"

"हळू बोल."

"का हळू बोलू?" पिलन्योने हात वर करून त्या काळ्या एप्रनवाल्या तरुणाला बोलावलं. इतक्या वर्षांत तिने असा हात वर करून कुणाला बोलावलेलं सुनिमने पाहिलं नव्हतं. साखर आण बाळा, ती म्हणाली, तीन चमचे. तरुण चाचरला. या कॉफीची चव बिघडू नये म्हणून इथे साखर ठेवत नाहीत, असं त्याने नम्रपणे सांगितलं.

"मग ठेवायला लागा," पिलन्यो म्हणाली, आणि पाय ताठ करून, कप हातात धरून, साखरेची वाट बघत बसली.