घारीचं दुखणं

बांधकामावर सगळे त्याला घार म्हणायचे. सकाळी क्रेनच्या केबिनमध्ये चढला, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरणं नाही. वय पंचेचाळीस, प्रकृती ठणठणीत. त्यामुळे लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा उष्णता वाढली असेल म्हणून त्याने दुर्लक्ष केलं.

मग सारखी लागायला लागली आणि थेंब थेंब होऊ लागली. खुर्चीत बसलं की मांड्यांच्या मध्ये, आत कुठेतरी ठणका लागायचा. दर तासाला तेवढी शिडी कोण उतरणार? त्याने पाणी पिणंच सोडलं. घरी बायकोला सांगितलं, कंबर धरलीय.

खालून इशारे देणारा त्याचा जुना सोबती होता. पाणी सोडूनही वारंवार उतरावं लागतंय हे बघून त्याने एकदा घारीला बाजूला घेतलं.

"मला झालं होतं हे. प्रोस्टेटला जंतू लागतात. औषधाने मी बरा झालो. थंडी वाजून ताप आला तर मात्र एक दिवसही थांबू नकोस."

घार हसला. असल्या जागेचं दुखणं डॉक्टरला कुठल्या तोंडाने दाखवायचं, म्हणाला. उद्या बघू म्हणत त्याने दोन आठवडे ढकलले.

तिसऱ्या सोमवारी ताप अंगात घेऊनच तो वर चढला. दहाच्या सुमारास दातखीळ बसेल अशी थंडी भरली. लघवी तर सकाळपासून अडलेली. दोरावर लोखंडी गज लटकत होते. त्याने ते नीट जमिनीवर टेकवले आणि त्याची शुद्ध हरपली. चौघांनी त्याला खाली आणलं.

इस्पितळात कळलं, प्रोस्टेटच्या ग्रंथीत पू झालाय आणि विष रक्तात भिनलंय. मूत्रपिंडं साथ सोडत होती. वेळेत आले असते तर गोळ्यांवर भागलं असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुपारी तो थोडा शुद्धीवर आला.

"कंबर नव्हती गं," तो बायकोला म्हणाला.

"ठाऊक होतं. न्हाणीघरात नळ सोडून कण्हायचात तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लाज वाटेल म्हणून."

त्याने डोळे मिटले. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

भेटायला आलेल्या दिरांनी, जावांनी विचारलं, एवढ्या धडधाकट माणसाला झालं तरी काय? ती पदराशी चाळा करत राहिली. तापाचं निमित्त झालं, एवढंच म्हणाली. धाकटा दीर उठून न्हाणीघरात गेला. सकाळपासूनची त्याची ही पाचवी खेप होती. कोणी काही विचारलं नाही.