नावापुढचा ‘को.’

मी एक जुनी सतरंजी आहे. मित्रांनो, गेवराई तालुक्यातल्या एका लहान गावातल्या ख्रिस्ती मंडळीची.

मी गिरणीतली नाही. मंडळीतल्या बायकांनी आपली जुनी लुगडी दिली आणि त्यांच्या चिंध्यांतून सटवा विणकराने मला हातमागावर विणले. माझा हिरवा पट्टा मंडळीतल्या मायाच्या आजीच्या लुगड्याचा; त्याचे उरलेले अर्धे अजून मायाच्या घरात आहे. त्याच पट्ट्यावर माया रांगली, झोपली, कितीदा दूध ओकली. लेकरू झोपले की गाणाऱ्या बाया आपोआप आवाज उतरवत.

आमची माणसे बहुतेक ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की घरांना कुलपे. नाताळात गावात म्हातारी माणसे तेवढी उरत. म्हणून आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, शांतवनबाबा दर डिसेंबरात मला खांद्यावर टाकून एसटीने उसाच्या फडावर जात आणि पाचटाच्या कोप्यांपुढे, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांपुढे, अंथरत. घट्टे पडलेले हात माझ्यावर टेकून माणसे प्रार्थना करत. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला तिथेच फिरे. माझ्या विणीत अजून पाचटाची कुसे आहेत. ऊस तोडायला गेलेल्याला आमच्याकडे ‘कोयत्यावर गेला’ म्हणतात. बाबा हजेरीच्या वहीत त्या नावांपुढे नुसते ‘को.’ लिहीत.

गेल्या पावसाळ्यात बाबा वारले. नोव्हेंबरात अनिल पाळक आले. तरुण, शहरातले. मरगळलेल्या मंडळीत जीव आणायचा, ही त्यांची तळमळ. त्यांनी भिंती रंगवल्या, चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, मला गुंडाळून त्यांच्या मागे सारले. मग वही उघडली.

“भगवानराव, या चौदा घरांपुढं ‘को.’ लिहिलंय. म्हणजे काय हो?”

भगवानराव मंडळीचे पंच. मोबाइलमधून डोळे न काढता म्हणाले, “कोणी नसतंय तिथं. कुलपं हायेत.”

पाळकांनी ‘को.’ म्हणजे ‘कोणी नाही’ असे धरले आणि लाल पेनाने चौदाही घरे खोडली. मनात वाईट नव्हते हो. त्यांना खरी यादी हवी होती. मला तोंड असते तर!

मार्चअखेर माया परतली, कोपीत जन्मलेली तीन महिन्यांची लेक छातीशी धरून.

“पाळकसाहेब, ईस्टरला हिचा बाप्तिस्मा करा.”

“तुमचं नाव मंडळीत दिसत नाही, ताई. आधी पंचांकडं अर्ज द्यावा लागेल.”

“आर्ज? माझाच बाप्तिस्मा हितं झालाय की!”

“मग इतके महिने कुठं होतात?”

“कोयत्यावर. आजून कुठं आसणार?”

पाळकांचे बोट वहीवर थांबले. नेमके ‘को.’वर. त्यांचा चेहरा उतरला.

माया खुर्चीवर टेकलीच नव्हती. लेकराची मान सावरत ती म्हणाली, “नाताळाला आमी कोपीम्होरं सारवून ठिवलं व्हतं, सतरंजी यील म्हून. वाटलं, एसटी चुकली आसंल. कावून आला न्हाईत, ते आज कळलं.”

“चुकलो मी, ताई. आत्ता लिहितो नावं.”

“लिवा की. वही तुमचीच हाय.”

आणि ती गेली.

ईस्टरला चाळीस खुर्च्या होत्या, माणसे नऊ. उपासना संपताच पाळकांनी मला खुर्च्यांमागून ओढले, वस्तीत नेले आणि मायाच्या दारापुढे उलगडले. हिरवा पट्टा तुकड्यातुकड्यांनी गळून पडला. उंदरांनी तोच कुरतडला होता.

फडावरून परतलेल्या सगळ्या घरांची दारे लोटलेली. मायाची सासू भिमाबाई तेवढी बाहेर आली. तिने भोकावरून हात फिरवला.

“लई उशिरा आणली, बाबा.”

“बसा ना, आजी.”

ती बसली. एकटीच. आतून लेकराचे रडणे येत होते. पाळक गुडघे टेकून राहिले. ऊन उतरले. लेकरू आतच झोपले.

तेव्हापासून दर रविवारी ते मला तिथे अंथरतात. बसते ती भिमाबाईच. दिवाळीनंतर पुन्हा कुलपे लागतील. तोवर मी टिकेन असे वाटत नाही.

मित्रांनो, सतरंजी काम झाल्यावर झटका, उन्हात घाला, गुंडाळून विसरू नका. आणि कुणाचे नाव खोडण्याआधी तो माणूस कुठे गेला आहे, एवढे त्याच्या शेजाऱ्याला तरी विचारा. भोकाला ठिगळ लागते. माझ्या ठिगळाला लागणारे आजीचे ते अर्धे हिरवे लुगडे मायाच्या घरात आहे, आणि दार अजून लोटलेले आहे.