संध्याकाळचे कुलूप

लहानूकाकांनी मेन स्विच खाली ओढला. अभ्यासिकेतले पंखे मंदावत थांबले तेव्हा मयुरी जुन्या वर्तमानपत्रांच्या कपाटामागे, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"चला पोट्टेहो, बाहेर. गाडी सारखी चालवली का..."

"...इंजिन तापते," चार-पाच जणांनी वाक्य पुरे केले. खुर्च्या सरकल्या.

"मयुरी कुठी हाय?"

"घरी गेली. डोकं दुखून राह्यलं होतं तिचं." हा काजलचा आवाज. खोटे बोलताना काजल नेहमी एक वाक्य जास्त बोलत असे. "कालपासूनच दुखते."

काकांनी दार ओढून घेतले. कडी लागली, कडीत कुलूप अडकले.

वडनेरच्या विहारामागची ही खोली गावाने स्वतःच्या हातांनी उभी केली होती. एसटीत चालक म्हणून आयुष्य काढलेले लहानूकाका ती सांभाळत. त्यांचे नियम दोनच होते. मोबाइल आत येताना पत्र्याच्या पेटीत टाकायचे, आणि संध्याकाळी वंदनेआधी खोलीला कुलूप लागले की सगळ्यांनी मैदानावर कबड्डी खेळायची. तलाठ्याच्या परीक्षेला बसणारा असो की पोलीसभरतीची काजल, सूट कुणालाच नव्हती.

मयुरीची राज्यसेवेची मुख्य परीक्षा रविवारी सुरू होणार होती. रोजची ही संध्याकाळ तिला चोरीला गेल्यासारखी वाटे. आज तिने ती परत घ्यायची ठरवली होती.

ती कपाटामागून बाहेर आली, खिडकीजवळच्या बाकावर बसली, सराव प्रश्नपत्रिका उघडली. घड्याळ समोर ठेवले. पहिल्या उत्तराची सुरुवात झाली. एप्रिलची उष्णता पंख्याविना भिंतींतून उतरत होती. दुसरा प्रश्न तिने वाचला. पुन्हा वाचला. शब्द ओळखीचे होते, पण ते एकमेकांना धरेनात.

तळहात ओला झाला. पेन निसटू लागले तसे तिने ते घट्ट दाबले.

मागच्या वर्षी नागपूरच्या केंद्रावर हेच झाले होते. दुसऱ्या पेपरला, भर हॉलमध्ये. छातीवर कुणी गुडघा रोवावा तसे झाले आणि निम्मी उत्तरपत्रिका कोरी राहिली. घरी तिने सांगितले, पेपर अवघड होता. आई सुलोचनाने मान डोलावली. धाकटा प्रफुल्ल म्हणाला, "मंग पुढच्या वर्षी देजो. आधी तुह्यं, मंग माह्यं." तो कॉलेज सोडून हिंगणघाटला जिनिंगमध्ये लागला होता. ते वाक्य त्याने पुन्हा कधी उच्चारले नाही. रात्री कपड्यांवरचा कापूस झटकून तो तिच्या टेबलाजवळून पावलांचा आवाज न करता जाई.

मयुरी उठली. दार ढकलले. बाहेरचे कुलूप दारावर आपटले आणि गप्प झाले.

खिडकीला जाळी होती. मैदान तिथून दिसत नव्हते, ऐकू मात्र येत होते. हाक मारली तर काजल धावत येईल. तिच्यामागे सगळे येतील. ज्या पोरीची ओळख गाव पाहुण्यांना 'आमची साहेबीण' अशी करून देते, ती अशी दिसेल. तरीही तिने तोंड उघडले. आवाज आला नाही. श्वास आत जात होता, तुकड्यातुकड्यांनी, आणि बाहेर पडायचे विसरत होता.

ती दाराला पाठ लावून खाली बसली.

बाहेर चढाई सुरू झाली. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." काजलचा आवाज. काजलचा दम गावात प्रसिद्ध होता. पोरे म्हणत, ही एका दमात हिंगणघाट गाठेल. आवाज पुढे गेला, बाजूला वळला, खाली आला, तुटला नाही. संपला तेव्हा कुणीतरी ओरडले, "आऊट बे!" मग थोडी शांतता. मग पुन्हा.

कितव्या चढाईला मयुरीचे ओठ त्या 'कबड्डी'बरोबर हलू लागले ते तिला कळले नाही. आधी तिचा दम मध्येच तुटला. पुढच्या वेळी थोडा जास्त टिकला. आवाज संपेपर्यंत तिच्यातली हवा बाहेर जात राही, आणि मग आत येणारा श्वास आपोआप पोटापर्यंत उतरे.

कुलूप निघाले तेव्हा ती तिथेच बसलेली होती. काकांनी तिच्याकडे पाहिले, बाकावरच्या प्रश्नपत्रिकेकडे पाहिले. माठातून गडूभर पाणी आणून दिले.

"आवाज काऊन नाई देल्ला?"

"डाव सुरू होता तुमचा."

"डाव काय, थांबवता येते," काका म्हणाले. तिचे पाणी पिऊन होईपर्यंत ते दारातच उभे राहिले, मागून येणाऱ्या मुलांना ती दिसू नये असे. "उद्या येजो. काजलच्या बाजूनं एक कमी पडते."

दुसऱ्या दिवशी ती गेली आणि पहिल्याच चढाईत धरली गेली. तिसऱ्या दिवशीही.

"साहेबीणबाई, दम घरी ठेवून आल्या का?" काजलने विचारले.

परतताना मयुरी म्हणाली, "मागच्या वर्षी पेपर अवघड नोता."

काजल चालत राहिली. "मंग?"

"श्वासच घेता येत नोता मले."

कोपऱ्यावरची पिठाची गिरणी मागे पडल्यावर काजलने विचारले, "प्रफुल्लले माहीत हाय?"

"नाई."

"सांगू नको आता. परीक्षा झाल्यावर सांगजो." मग तिने मयुरीच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. "उद्या माह्या मांगून चढाईले जाजो. दम सोडताना हळू सोडायचा, कंजुसावानी."

नागपूरला प्रफुल्ल तिच्याबरोबर आला. केंद्राच्या फाटकापाशी त्याने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला.

पहिला पेपर नीट गेला. दुसऱ्यात, तिसऱ्या प्रश्नावर, शब्द सुटे होऊ लागले. तळहात ओला झाला. मागच्या वर्षी तिने पेन दाबून धरले होते. या वेळी ते खाली ठेवले.

पर्यवेक्षिका बाकांमधून येत होत्या. तिच्यापाशी थांबल्या, वाकल्या.

"काय पुटपुटताय? देवाचं नाव मनात घ्या. बाजूच्यांना त्रास होतो."

मयुरीने बोट वर करून त्यांना थांबवले. ओठ हलत राहिले, हळूहळू मंदावले, मिटले.

"देवाचं नाई, मॅडम," ती म्हणाली आणि पेन उचलले.