पाणमोट आणि काकडीची बरणी

बेटावर माणसांचे दोनच प्रकार होते: बेटावर जन्मलेले आणि पाण्यापलीकडच्या मुख्य भूमीवर जन्मलेले, म्हणजे पलीकडचे. फोप्पे दुसऱ्या प्रकारात मोडत होता, आणि चौसष्ट वर्षं मोडतच होता. त्यात त्याचा दोष एवढाच, की त्याच्या आईची पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, वेळेआधी फुटली, कळा काही येईनात, म्हणून तिला बोटीत घालून पलीकडे हार्लिंगनला नेलं आणि तिथे हा जन्मला. पाचव्या दिवशी तो बेटावर परत आला आणि पुढे कामाशिवाय हलला नाही. सव्वीस वर्षं त्याने बेटाची जीवरक्षक बोट हाकली. अर्ध्या गावाला कधी ना कधी मानगूट धरून समुद्रातून बाहेर काढलं. पण असं बाहेर निघालेली माणसंही त्याची ओळख करून देताना खोटं बोलत नसत. "हा फोप्पे. देवमाणूस. पलीकडचा."

एरवी हे चालून गेलं असतं. खुपायचं ते डिसेंबरात. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सगळं बेट मुखवटे चढवून, पोती पांघरून, शिंगं लावून घरोघर फिरे आणि आवाज बदलून विचारी, "मी कोण?" यात सामील व्हायचा हक्क फक्त बेटावर जन्मलेल्यांना. पलीकडच्यांनी घरात बसायचं, दार उघडायचं आणि घाबरायचं. फोप्पेची मुलगी जिल्दू याच घरात, रीतसर जन्मली होती. सोळाव्या वर्षापासून ती मुखवटा लावून बापाच्या दारात उभी राही. अंगात त्याचाच जुना कोट, पायात त्याचेच बूट. तरी फोप्पे तीनदा चुकीचं नाव घेई. रीत म्हणजे रीत.

आता जिल्दूला दिवस गेले होते, आणि फोप्पेने मनाशी एकच गोष्ट धरली होती: बाळ बेटावर जन्मलं पाहिजे.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. बेटावर इस्पितळ नाही, त्यामुळे बायका दोन आठवडे आधीच पलीकडे जाऊन मुक्काम ठोकत. गेल्या एकोणीस वर्षांत बेटावर वासरं जन्मली, सीलची पिल्लं जन्मली, माणूस जन्मलं नव्हतं. जिल्दू मात्र हटून बसली. सुईण फ्राउक्येने तिला दहा वेळा तपासलं आणि घरी बाळंत करायला होकार दिला. अट एकच. "पाणमोट फुटली आणि कळा आल्या नाहीत, किंवा पाणी स्वच्छ नसून हिरवट निघालं, की बोट. तिथे मी कुणाचं ऐकणार नाही. हिरवं म्हणजे बाळाने आतच शी केलीय, ते छातीत जाऊ शकतं."

फोप्पेने मान डोलावली आणि तयारीला लागला. सुईणीला वाकावं लागू नये म्हणून पलंग उंच करायचा असतो. त्याने पलंगाखाली ओंडके सप्टेंबरातच सरकवले, त्यामुळे जिल्दू दोन महिने स्टुलावर चढून झोपत होती.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी फोप्पेने आणखी एक तयारी केली. बाळ करकोचा आणतो म्हणतात, म्हणून बाळ झालं की दारात लाकडी करकोचा उभा करतात. तो त्याने स्वतः कापून रंगवला होता आणि शेडमधून घरात आणत होता. करकोचा दारातून आत येईना. मान आत आली, पोट अडकलं.

"आडवा करा, बाबा," जिल्दू ओट्याशी टेकून म्हणाली.

"आडवा केला तर चोच मोडेल."

"मग उलटा करा."

"करकोचा काय उलटा येतो का कुठे?"

"बाळं उलटी येतात, करकोच्याला काय झालंय?"

फोप्पेने करकोचा उलटा केला, तर त्याचे पाय दिव्याला लागले आणि दिवा गरागरा फिरायला लागला. जिल्दू हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग एकदम थांबली आणि खाली पाहिलं. फरशीवर थारोळं होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पाणमोट फुटली."

कळ मात्र एकही नव्हती. चौसष्ट वर्षांपूर्वी फोप्पेच्या आईचं अगदी असंच झालं होतं.

त्याने फ्राउक्येला फोन लावला. ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि वारा समोरून होता. "सायकल दामटते, कळांसाठी तेवढं थांबू," ती म्हणाली. "आणखी पाणी गेलं तर स्वच्छ काचेच्या बरणीत धरा. मला रंग बघायचाय." त्याने हाताला लागली ती बरणी जिल्दूला दिली. पाच मिनिटांनी न्हाणीघराच्या दारातून एक हात बाहेर आला. बरणीत दोन बोटं पाणी होतं.

फोप्पेने बरणी खिडकीशी धरली. पाणी हिरवट होतं.

त्याने ती दुसऱ्या खिडकीशी धरली. तिथेही हिरवटच होतं.

नळ हातभर अंतरावर होता. बरणी रिकामी करायची, नळाखाली धरायची, आणि सुईण आली की म्हणायचं, बघा, नितळ स्वच्छ. भरती दीडपर्यंतच होती. नंतर ओहोटीच्या चिखलातून बोट जाऊ शकत नाही, म्हणजे बाळ इथेच जन्मणार, बेटावरचं होणार. आयुष्यभर कुणी बाळाची ओळख करून देताना तो शेवटचा शब्द जोडणार नाही. फोप्पेचा हात नळाकडे गेला. मग त्याला छातीत गेलेलं पाणी आठवलं. सव्वीस वर्षांत त्याने ते बऱ्याच जणांच्या छातीतून काढलं होतं. दोघांच्या निघालं नव्हतं.

त्याने नळाला हात लावला नाही. फोन उचलला.

"फ्राउक्ये, हिरवं आहे."

वाऱ्याच्या आवाजावर ती ओरडली, "बोट बोलवा."

त्याने आपल्याच जुन्या बोटीला हाक दिली. वीस मिनिटांत नारिंगी सूट घातलेले सहा जण स्वयंपाकघरात उभे होते. त्यांतला एक जावई रिंत्स, ग्रोनिंगनचा, म्हणजे तोही पलीकडचाच. त्याने सूट उलटा घातला होता. जिल्दूला तोवर कळा सुरू झाल्या होत्या आणि ती टेबलाला धरून उभी होती.

"सगळं ठीक होणार," रिंत्स म्हणाला.

"तुझी चेन पाठीवर आहे," जिल्दू दातओठ खात म्हणाली.

फ्राउक्ये आत आली ती धापा टाकत. तिने कुणाला नमस्कार-चमत्कार केला नाही, सरळ बरणी उचलली. उजेडात धरली. मग झाकण काढून वास घेतला. मग परत घेतला.

"फोप्पे, ही बरणी कशाची?"

"काचेची."

"आत काय होतं?"

"काकड्या. व्हिनेगरमधल्या. शेवटची सकाळी खाल्ली."

"धुतली होती?"

फोप्पेने जरा विचार केला. तो खरं बोलणारा माणूस होता. "झटकली."

नारिंगी सूटांमध्ये कुणीतरी खोकलं. फ्राउक्येने बरणी ओट्यावर ठेवली, हात कोपरापर्यंत धुतले आणि जिल्दूला खोलीत नेलं. दार लागलं. फोप्पे, सहा बलदंड माणसं आणि एक करकोचा बंद दाराकडे बघत राहिले.

आतून पहिल्यांदा फ्राउक्येचा आवाज आला. "पाणमोट शाबूत आहे."

"काय?" जिल्दू ओरडली.

"शाबूत. घट्ट फुगलीय, बोटाला लागतेय. बाळाचे ठोके घड्याळासारखे आहेत. तू हसलीस, बाळाचं डोकं खाली दाबलेलं, आणि जे गेलं ते वेगळं पाणी होतं."

मग जिल्दू म्हणाली, "म्हणजे बाबा ते दोन दोन खिडक्यांत धरून बघत होते?"

स्वयंपाकघरात फोप्पेने आपले हात पाहिले आणि गुपचूप धुवायला गेला. या वेळी झटकले नाहीत.

फ्राउक्येने दार किलकिलं केलं. "बोट नको. गर्भाशयाचं तोंड अर्ध्याच्या पुढे उघडलंय, ही वाटेतच मोकळी होईल. रिंत्स, आत ये. सूट काढ आधी. बाकीच्यांनी कॉफी टाका."

बाकीच्यांनी कॉफी टाकली. तीनदा टाकली. भरती आली आणि ओसरून गेली, कुणी तिच्याकडे बघितलंही नाही. शेजारची खेस्के, वय एक्याऐंशी, मुखवटा घालायचा हक्क असलेल्यांची यादी ठेवणारी, काठी टेकत आली आणि सगळ्यांत चांगल्या खुर्चीत बसली. "फोप्प्या, अरे करकोचा उलटा का?" तिने विचारलं. कुणीतरी तिच्या हातात कॉफीचा कप दिला.

दोनच्या सुमारास आतून हाक आली. "टॉवेल! गरम टॉवेल आणा कुणीतरी!"

फोप्पे टॉवेल घेऊन छताकडे बघत आत शिरला. छताकडेच बघत परत फिरणार होता, पण फ्राउक्ये म्हणाली, "बघा. सव्वीस वर्षं सुईणपण करतेय, हे मी नुसतं ऐकलं होतं."

त्याने पाहिलं. तिच्या दोन्ही तळव्यांवर पाणमोट होती. न फुटलेली, आख्खी, पाण्याने तुडुंब भरलेली, आणि आत बाळ. गुडघे पोटाशी, डोळे मिटलेले, केस पाण्यात हलताहेत. बाळाने एक मूठ उघडली आणि परत मिटली. त्याला जन्मल्याचं कुणी अजून सांगितलेलं नव्हतं.

"नऊ महिने हीच त्याची गादी," फ्राउक्ये पुटपुटली. "धक्का बसू देत नाही, ऊब राखते. शेवटी हीच पुढे होऊन वाट मोकळी करते आणि फुटते. ही बया फुटायलाच तयार नाही."

तिने दोन बोटांनी पापुद्रा चिमटीत धरून फाडला. पाणी धो धो सांडलं, स्वच्छ, निवळशंख. आणि बाळाने असा टाहो फोडला की स्वयंपाकघरात एकाची कॉफी सांडली.

"मुलगी," रिंत्स म्हणाला आणि उंच पलंगाच्या कडेवर बसायला गेला. उंची विसरला, आणि खाली बसला.

जिल्दूने पोर छातीशी घेतली. "बाबा, रडताय काय? तुमच्या बरणीपेक्षा पारदर्शक निघालं की पाणी."

फोप्पे बाहेर आला तेव्हा नारिंगी सूटवाले बाळ झाल्यावर वाटायच्या गोल टोस्टना लोणी फासून त्यावर गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या चिकटवत होते. गोळ्या जमिनीवर घरंगळत होत्या. बाळ पाणमोटीसकट आलं हे ऐकून बोटीचा हल्लीचा नाखवा गंभीर झाला. बोटीवर दोन इंजिनं होती, रडार होतं, उपग्रहाचं यंत्र होतं. "फोप्पे," तो म्हणाला, "त्या पापुद्र्याचा एक तुकडा मिळाला तर... म्हणतात, तो जवळ असला की माणूस बुडत नाही."

"तुला पोहता येतं ना?"

"येतं. पण तरी."

खेस्केने टोस्ट संपवला, बोटं पुसली आणि पिशवीतून यादी काढली. एकोणीस वर्षांनी ती नवं नाव लिहिणार होती. "काय ठेवलं?"

"रिक्सत," खोलीतून जिल्दू ओरडली.

खेस्केने लिहिलं. मग चष्म्यावरून बघितलं. "जन्मल्या वर्षी पोराला मुखवट्यांत एकदा फिरवून आणायची रीत आहे. आजोबाने उचलून न्यायचं. दुसरा आजोबा कुठे असतो?"

"ग्रोनिंगनला. तोही पलीकडचाच, शिवाय बोटीत बसला की ओकतो," फोप्पे म्हणाला.

"मग अडचणच झाली," खेस्के म्हणाली. "आजोबानेच न्यायचं ही रीत. आणि पलीकडच्याने मुखवटा घालायचा नाही हीपण रीत."

नाखवा कॉफी ढवळत राहिला. फोप्पे ओट्यावरची बरणी विसळायला लागला, गरम पाण्याने, साबण लावून.

"पोर सोळाची होईपर्यंत थांबू," तो पाठमोराच म्हणाला.

"सोळा वर्षांनी मी सत्त्याण्णवची असेन, तुझ्यासाठी थांबू होय?" खेस्केने काठी फरशीवर आपटली. "यादीत पोरीचं नाव आहे. तिला अजून चालता येत नाही, कुणीतरी उचलून न्यायलाच हवं. मुखवट्याआडून कोण चालतंय हे विचारायचं नाही, हीच तर सगळ्यात जुनी रीत. आम्ही तीनदा चुकीचं नाव घेऊ. जमेल ना तुला आवाज बदलायला?"

फोप्पेने हळूच बरणी पालथी घातली. मग घसा साफ केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा, अतिशय वाईट घोगऱ्या आवाजात विचारलं, "मी कोण?"

"करकोचा," खेस्के म्हणाली.

"टोस्ट," नाखवा म्हणाला.

आतून जिल्दूचा दमलेला आवाज आला. "काकडी!"