आतून काळी दुर्बीण

आमचे सासरे स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हेत. आयुष्यभर दुर्बिणी बांधल्या, निवृत्त झाले, आणि आता माझ्या वेधशाळेत येऊन कशाला ना कशाला हात लावत असतात. मी इथे म्हाताऱ्या राक्षसी ताऱ्यांची ऊब मोजते. हे तारे उतारवयात फुगतात, धूळ बाहेर टाकतात आणि स्वतःच त्या धुळीआड दडतात. डोळ्यांना दिसेनासे झाले तरी त्यांची उष्णता अवरक्त किरणांतून आमच्यापर्यंत पोचते, अगदी भर दुपारीसुद्धा.

माझा एक लाडका तारा सध्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात भराभर मंदावत होता. तो धुळीआड गेलाय की खरोखर थंडावतोय, हे कळायची हीच वेळ होती, आणि नेमकी आत्ताच माशी शिंकली. सुट्टीनंतर यंत्र सुरू केलं, तर पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढराफट्ट. तारा गायब.

सुट्टीआधी सेन्सर बसवायला नेताना तो माझ्या हातून जिन्याच्या कठड्यावर आपटला होता. मी तेव्हाच संचालकबाईंना सांगितलंही होतं. आता त्या शांतपणे म्हणाल्या, "सेन्सर गेला असेल तर हे काम इथेच थांबेल. दुसरा मिळायचा नाही." इतक्या वर्षांची मेहनत माझ्या वेंधळेपणापायी पाण्यात जाणार होती. आठवडाभर मला घास गिळवत नव्हता.

"अगं, दोन घास खाऊन घे," घुमटाखाली स्टुलावर बसलेले सासरे म्हणाले. हातात सँडविच.

"नको म्हटलं ना, बाबा!" मी खेकसले.

सेन्सर ज्यात गार ठेवतात त्या भांड्यातून गळती आहे का, हे बघायला मी वर्कशॉपमधला उष्णता दाखवणारा कॅमेरा आणला होता. भांडं छान गार होतं. चिडून कॅमेरा दुर्बिणीच्या तोंडाकडे वळवला, तर छोट्या आरशाभोवतीचं कडं तापलेल्या तव्यासारखं उजळलेलं!

"बाबा, आत कुणी काही केलंय?"

"मी रंगवलं की, सुट्टीत! सगळं चकचकीत होतं, लाज आणणारं. काळ्या रंगाचे दोन हात मारले."

साधी दुर्बीण आतून काळीच हवी. भलता उजेड तिथेच विरतो. पण उष्णता मोजायची तर काळा रंग शत्रू, कारण तो स्वतःचीच ऊब फेकत राहतो. चकचकीत धातू मात्र गप्प असतो.

त्यांचं सँडविच वाटेतच थांबलं. "म्हणजे... माझ्यामुळे झालं?"

"तुमच्यामुळे! बाबा, फक्त तुमच्यामुळे!" सगळी रीतभात विसरून मी त्यांना मिठी मारली आणि रडायलाच लागले.

ऑफिसच्या स्वयंपाकघरातून चंदेरी फॉइलचा अख्खा रोल आणला. शिडी मी धरली, वर ते चढले.

"वाकडंतिकडं लागलं तरी चालेल," मी म्हटलं.

"माझ्या हातून वाकडं लागत नाही."

पडदा हळूहळू काळवंडला, आणि मधोमध माझा तारा उमटला, गेल्या वर्षीइतकाच उबदार. थंडावला नव्हता, नुसता धुळीआड जाऊन बसला होता. माझा जीव भांड्यात पडला.

लगेच संचालकबाईंना फोन लावला. "सेन्सर ठणठणीत आहे!"

"मग बिघडलं काय होतं?"

मी बाबांकडे बघितलं. सासऱ्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"मी बिघडवलं," ते ऐटीत म्हणाले. "सुनेचा धक्का नव्हता तो, सासऱ्याचा ब्रश होता."

मग फोन मला परत देत, उरलेलं अर्धं सँडविच पुढे केलं. "आता जेव."