आवडाबाईची हजेरी

आवडाबाईनं कालवलेला माल हाताशी आल्याशिवाय नवाब मिस्त्रीची थापी हलत नाही, असं गारखेड्यातल्या त्या बांधकामावर सगळेच म्हणत. सिमेंट किती, वाळू किती, पाणी कुठं थांबवायचं, तिला सांगावं लागत नसे. घमेलं परांचीवर टेकवून ती नुसतं "घ्या भाऊ" म्हणे आणि नवाब न बघता हात पुढं करी. सहा वर्षं असंच चाललं होतं.

तिचा नवरा कडूबा तिथंच विटा वाहायचा. सिल्लोडकडचं हे जोडपं पोटामागं शहरात आलेलं. दर शनिवारी ठेकेदार काकासाहेब दोघांची मजुरी, बाईची गड्यापेक्षा कमी धरून, एकट्या कडूबाच्या हातावर ठेवत. हजेरीच्या वहीत ओळ एकच असे, 'कडूबा, जोडी'. आवडाबाईला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

एके दिवशी नवाबची बायको गुलशन डबा घेऊन आली तेव्हा तिनं सांगितलं, "सरकारात कामगार म्हणून नाव नोंदवा भाभी. तुमच्या पोरीच्या शिक्षणाला मदत मिळते. ठेकेदाराचा नव्वद दिवसांचा दाखला तेवढा लागतो. आणि बिगाऱ्याचा सरकारी रोज बाईला न् गड्याला सारखाच आहे, म्हाईत हाय ना?"

आवडाबाई पदर सावरून काकासाहेबांकडं गेली. त्यांनी वही चाळली.

"कडूबाला देतो दाखला. तुझं नाव कुठंय?"

"जोडी म्हंजी मीच की."

"जोडी हे काय माणसाचं नाव असतंय का, बाई?"

ते काही हिडीसफिडीस करून बोलले नाहीत. पण तिला ते वर्मी लागलं. त्या दिवशी तिनं घमेलं 'घ्या भाऊ' न म्हणताच टेकवलं. नवाबनं खोदून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "सहा वर्सं मी इथं नव्हतेच म्हनं, भाऊ."

दुसऱ्या सकाळी तिनं घमेलं टेकवलं. नवाबनं हात पुढं केला नाही. थापी बाजूला ठेवून तो परांचीवरच मांडी घालून बसला.

"माल पातळ झाला का?" तिनं घाबरून विचारलं.

"माल एक नंबर हाय."

खालून काकासाहेबांनी हाक मारली, "मिस्त्री, हात का थांबला?"

"वहीत नाव असलेलं माणूस पाठवा साहेब, माल घेऊन. ही बाई तर तुमच्या कामावर नाय."

काकासाहेबांनी कडूबाला खुणावलं, "जा रे, तू घाल त्याला माल."

ठेकेदारापुढं कडूबाची मान आजवर वर झाली नव्हती. त्यानं डोक्यावरच्या विटा सावकाश उतरवल्या.

"मला नाय जमत साहेब. तिच्यासारखा माल इथं कुनालाच येत नाय."

आवडाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. तिच्या भाकरीलासुद्धा हा माणूस कधी चांगलं म्हणाला नव्हता. तेवढ्यात वाळू वाहणारी चतुराबाई घमेलं पालथं घालून त्यावर बसली. मग बाकीच्या बायाही बसल्या.

अर्ध्या तासानं काकासाहेब वही घेऊन वर आले.

"सांग बाई, पूर्ण नाव सांग."

तिनं सांगितलं. ते मागच्या पानांवरही 'जोडी'पुढं ते नाव लिहीत असताना ती हळूच म्हणाली, "आन् रोज? बाई उचलती म्हून घमेलं हलकं होत नाय, साहेब."

काकासाहेबांनी बसलेल्या बायांकडं एकदा पाहिलं. "मागचं काही मिळायचं नाही," ते म्हणाले. "या हप्त्यापासून सगळ्या बायांना गड्याइतका. दाखला उद्या घेऊन जा."

मागचं बुडालं याची हळहळ तिला वाटलीच. पण नवाबनं थापी उचलून हात पुढं केला होता, आणि माल वाळून चालला होता.

शनिवारी तिची मजुरी पहिल्यांदाच तिच्या हातात पडली. पैसे मुठीत घट्ट धरून ती कडूबाबरोबर चालू लागली. नाक्यावरच्या टपरीशी कडूबा थबकला.

"आज चहा तू पाज."

"पाजते की. खारी पन घ्या."

चहा झाल्यावर तिनं नोट पुढं केली. टपरीवाल्यानं सवयीनं सुट्टे कडूबापुढं धरले.

"तिकडं दे," कडूबा म्हणाला, आणि उरलेली खारी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली.